मानस

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं दार,
मत्तीच्या फळ्यांचं, खाऱ्या पाण्यात काळं पडलेलं.
भरतीला पाण्याच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला आपोआप उघडतं,
खाजनातलं जास्तीचं पाणी मांडवीला परत देतं.
चोडणात हे लहान पोरालाही ठाऊक.
आपोआप म्हणायचं खरं,
पण फटीत एक ओंडका अडकला
की दार दार राहत नाही.
म्हणून मी रात्री उठतो.
पावणीत बोली लावून घेतलेलं काम आहे.

दिव्येशही त्या वेळी जागाच.
त्याच्या दाराखाली निळी रेघ.
आत कुठल्याशा बेटावर शंभर माणसं उतरलेली,
शेवटचा उरेल तो जिंकेल.
आम्हीही बेटावरच राहतो;
इथे कुणी जिंकल्याचं ऐकलं नाही.

पहिल्या वर्षी वाटलं, वय आहे.
दुसऱ्या वर्षी त्याने बारावीचा पेपर सोडला,
आणि पावणीसाठी ठेवलेले अकरा हजार
एका सोनेरी बंदुकीत गेले.
ती हातात धरता येत नाही. मी विचारलं होतं.
तळलेली सुंगटं ताटात निवायची.
"चव लागत नाही," म्हणायचा,
उर्मटपणे नाही,
हरवलेलं काही शोधत असल्यासारखा.
झोपेतही त्याचा अंगठा हलायचा.

रायबंदरची फेरी, मग बस, मग बांबोळी.
डॉक्टर नाझारेथनी पडद्यावर त्याचं डोकं उघडलं:
करडं, वळणावळणांचं,
उंचावरून पाहिलेलं खाजनच,
बांध, पोंयी, कुणगे.
त्यांनी कपाळामागे बोट ठेवलं.
"हे आवरणारं. आणि हे खोल आतलं, आणखी हवं म्हणणारं.
पुष्कळ मुलं तपासली, तर अशांच्यात इथे
सरासरीने थोडी झीज दिसते.
याच्या एकट्याच्या चित्रावरून मी काही सांगणार नाही.
आणि झीज आधी की खेळ आधी,
ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

मी मान हलवली.
बांध फुटतो तेव्हा आम्हीही हेच भांडतो:
कुर्लीने बीळ आधी केलं,
की पाण्याला वाट आधी सापडली?
एवढं मात्र बघितलंय,
एकदा गेलेल्या वाटेने पाणी
दुसऱ्यांदा विचारून जात नाही.

दिव्येश स्वतःच्या मेंदूकडे बघत होता,
जसा नकाशा बघावा
ज्यात आपण कुठे उतरलो
तो ठिपकाच नाही.
"परत भरून येतं?" त्यानेच विचारलं.
"बऱ्याच जणांचं सुधारतं. हळूहळू."
मला सांगायचं होतं,
खारं घुसलेल्या शेताला तीन पावसाळे द्यावे लागतात,
पहिल्या वर्षी तर कोरगुटसुद्धा रुसतो.
बोललो नाही.
मुलगा म्हणजे शेत नव्हे.

काल रात्री तो मानशीवर आला,
टॉर्च धरायला.
जाळ्यात शेवटे, दोन काळुंद्रं,
एक चणाक उजेडात चकाकली.
त्याचा हात खिशाकडे गेला, परतला,
पुन्हा गेला.
मी मोजत नव्हतो असं म्हणणार नाही.
बारा मिनिटं.
मग स्क्रीनचा उजेड त्याच्या हनुवटीवर,
आणि तसंच खाली बघत:
"उद्या कितीला?"
पाणी रोज पाऊणेक तास मागे सरकतं, मी म्हटलं,
उद्या पाऊण वाजता.
त्याने गजर लावला.
त्याच फोनवर.

आत्ता पाऊण.
भिंतीपलीकडे गजर वाजला. थांबला.
दाराखाली निळी रेघ पेटली.
मी ओसरीवर उभा,
हाक न मारता.
बराच वेळ काहीच नाही.

मग कडी.