पाखाडी

तक्त्यात रकाने होते: चाळ, सोसायटी,
झोपडपट्टी, गावठाण.
शेवटी, कागद उरला म्हणून, इतर.

मरोळच्या मागे दोन काचेच्या इमारतींच्या फटीत
सतरा घरं. एक क्रूस, त्यावर सुकलेला झेंडू.
रेमेदीनबाय दारात सुकट निवडत बसलेली.
विचारलं, ह्या जागेला काय म्हणायचं?
पाखाडी, म्हणाली.

मी राजापूरकडचा. माझ्या तोंडात पाखाडी म्हणजे
जांभ्या दगडाच्या पायऱ्या, खळ्यापासून व्हाळापर्यंत,
आईची कळशी, शेवाळ, जपून रे.
वेड्यासारखा मी पायऱ्या शोधू लागलो.
गल्ली सपाट. पेव्हर ब्लॉक, नगरसेवक निधीतून.

म्हणजे वस्ती?
वस्ती काय, पाल ठोकलं की होते.
मग गल्ली?
गल्लीला मयताचं सांगायला कोण जातं?

अर्थ तिने सांगितलाच नाही. नुसती बोलत राहिली
आणि मी समासात पेन्सिलीने टिपत गेलो:
पाखाडी आली. पाखाडी जेवली.
पास्कूच्या लग्नात पाखाडी रुसली,
उंबराच्या पाण्याला बँड उशिरा पोचला म्हणून.
इनासने पाखाडीला न विचारता कुंपणाची भिंत विकली,
पाखाडी सहा महिने त्याच्याशी बोलली नाही.
मग त्याच्या पायाला प्लास्टर आलं
आणि डबा घेऊन गेली ती पाखाडीच.

एकदाही "पाखाडीत" नाही.
शाळेत सप्तमी घोकली होती: त, ई, आ.
हिची पाखाडी कायम प्रथमेत,
फार तर चतुर्थीत:
जी करते,
किंवा जिला सांगायचं असतं.

नऊ घरांना कुलपं. माणसं नायगावला, मीरा रोडला.
एकूण किती माणसं, बाय?
तिने सुकटीच्या हातांनी बोटं मोजली.
कॅनडातली नात धरली.
ईस्टरच्या आधी गेलेला सांतान, तोही धरला.
मी खोडलं नाही.

ऑफिसात साहेब म्हणाले, नुसतं इतर चालत नाही,
पुढे काहीतरी खुलासा लिही.
लिहिलं: पायऱ्या.
तिथे पायऱ्या आहेत?
नाहीत, साहेब.

रात्री आईला फोन लावला.
आपली पाखाडी बरी आहे ना?
खालून तिसरा दगड हललाय, म्हणाली,
पाण्याला जाताना पाय डगमगतो.
मग सांगितलंस की नाही कुणाला?

ती जरा थांबली.
कुणाला सांगू, म्हणाली.