पिवळा

नगरविकास कचेरीत मी नकाशे रंगवतो.
वस्तीला पिवळा, शेताला हिरवा,
कारखान्याला जांभळा. बाकी चौकशी साहेबांकडे.

मंगळवारी येळ्ळूरचा सातेरी हलगेकर आला,
हातात कन्नड नोटीस, घड्यांवर फाटायला आलेली.
वाचली, मराठीत सांगितली.
हरकतीला तीस दिवस.
त्यातले सत्तावीस टपालातच गेलेले.

मग तो टेबलावर वाकला.
बळ्ळारी नाल्याच्या कडेकडेनं
बोट चालवत गेला, बांधावरून चालल्यागत,
आणि आपल्या सर्व्हे नंबरात थांबला.

'हे पिवळं का केलासा? भात पिकलं म्हणून?'

मी हसलो. तो नाही.
कार्तिकात बासमतीचं शिवार असंच तर दिसतं,
वास तेवढा कागदाला नव्हता.

घरं होणार, म्हटलं. तीस बाय चाळीसचे प्लॉट.
'आणि नाला?'
निळी रेघ दाखवली. दोन मिलिमीटर.
'आषाढात ही हितवर येती,'
त्यानं उभ्या उभ्या कमरेला हात लावला.

त्याची हरकत मीच लिहिली, कन्नडमध्ये.
कमरेशी अडलो:
रकान्यात फूट किंवा मीटर लागतं.
त्याला विचारलं, उंची किती?
तो म्हणाला, कधी मोजली नाही,
पाणी मोजतंय की दरवर्षी.

माझं घर वडगावात.
तिथला नकाशा माझ्या आधीच्या माणसानं रंगवला,
हात चांगला होता त्याचा, रंग रेघेबाहेर कुठे गेला नाही.
आम्ही जुलै लागला की
गॅसचा सिलिंडर माळ्यावर चढवतो.