तबकडीचा कल

दुपारी दोन वाजता, अकराव्या होलच्या चढावर
यंत्र दम टाकतं.
इंजिनचा आवाज तोच, पाती तशीच भिरभिरतायत,
फक्त चाकांना जणू कुणी काही कळवलेलंच नाही.
सकाळी सातला हाच चढ
ते पाणी पीत चढावं तसं चढलेलं.

मागचे बगळे खोळंबतात.
गवतातून किडे उडायचे थांबले
की तेही लोबोसाहेबांसारखे बघतात माझ्याकडे.

लोबोसाहेब म्हणाले, भंगारात काढू.
आणखीही काही म्हणाले, बाईमाणसाच्या पायाबद्दल आणि पेडलबद्दल,
पण ते रिफायनरीच्या दिशेला तोंड करून.

माझगावहून सॅमसन पेणकर आले.
गोदीतल्या क्रेनच्या पोटात सदतीस वर्षं काढलेला माणूस,
नखांच्या कडा काळ्या, डबा मात्र लख्ख.
बसले सावलीत. यंत्राकडे बघितलंही नाही.
"यात गिअर किती, यशोधरा?"
तीन, म्हटलं. चार?
"एकही नाही. जेवलीस?"

मग डब्याचं झाकण माझ्यापुढे उभं धरलं.
बोटं टेकव. आता मनगट फिरव.
फिरवलं. झाकण सरळ होतं,
बोटं जिथल्या तिथे घासत राहिली.
"इंजिन घुमतंय, पंप घुमतोय, तेल हलत नाही. हा न्यूट्रल."
मग त्यांनी झाकण कलतं केलं,
जेमतेम, भाकरी तव्यावर टाकताना हात कलतो तेवढं,
आणि एक बोट आत दाबलं गेलं, समोरचं बाहेर आलं,
आत, बाहेर, आत,
पाच बोटांचे पाच दट्टे,
आणि तेलाला जागा उरली नाही, पुढे पळण्याशिवाय.
"तेल दबत नाही बघ. माणूस दबतो.
तेलाला दाबलं तर ते निरोप घेऊन जातं,
चाकाजवळच्या मोटरकडे. ती वळते."
झाकण दुसरीकडे कललं.
तेच तेल, उलट्या वाटेनं. रिव्हर्स.

"मग दुपारीच का रुसतं?"
"तू खोल. मी बोट दाखवतो."

पंपावरचा छोटा पंखा
गवताच्या चोथ्यात गळ्यापर्यंत बुडालेला,
चार पावसाळ्यांचा चोथा, वाळून पुठ्ठा झालेला.
स्क्रूड्रायव्हरनं उकरून मी घमेलंभर काढला.
तेल तापतं, तापलं की पातळ होतं,
झिजलेल्या फटींतून आतल्या आत मागे निसटतं.
बाहेर थेंब नाही, डाग नाही.
असं आतल्या आत निसटणं
मला समजावून सांगायची गरज नव्हती.

जुनं तेल निघालं, करपलेल्या गुळाच्या पाकासारखं.
नवं ओतलं. मागची चाकं जॅकवर.
पेडल पुढे, पेडल मागे, पुढे, मागे.
तेलात कोंडलेली हवा कण्हत होती,
सॅमसनकाका डोळे मिटून ऐकत होते.
"अजून आहे."
पुढे. मागे.
"अजून."
मग एकदम काहीच ऐकू येईना.
इंजिनच्या गोंगाटात ती शांतता
आम्हा दोघांनाच कळली.

जाताना पैसे मोजले नाहीत. म्हणाले,
वरच्या फटी झिजल्यात त्या झिजल्यातच,
दोन वर्षं चालेल. तीन, पंखा साफ ठेवलास तर.

दहावीला शाळेत कल-चाचणी झाली होती.
माझा कल निघाला: गणवेशधारी सेवा.
आई हसली, मी रडले,
आता क्लबचा हिरवा शर्ट घालते रोज
आणि कधीकधी मीही हसते.
पण त्या कागदावर लिहिलं नव्हतं
की कल म्हणजे ठरलेलं काही नसतं,
पायाखाली असतो तो,
टाचेनं मागे, चवड्यानं पुढे.

दुपारी दोन. अकरावा होल.
चवडा टेकवते, हळूच.
बगळे आधीच चढावर जाऊन उभे.