तयार नाही

नोंदणी शुक्रवारी संपते.
नेस्तोर मार्चमध्ये संपला.
मधले सात महिने त्याचा ट्रक
कॉटनवुडच्या झाडाखाली उभा, टपावर पानांचा थर,
आणि डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा, इंजिनाच्या आकाराचा,
जो माझ्या भावाने चार वर्षं
काळ्या टेपच्या तुकड्याखाली झाकून ठेवला होता.

टेप मी सोलली, बाजूला चिकटवली. किल्ली फिरवली.
दिवा पेटलेलाच.
उधारी मागायला दारात येऊन बसलेल्या माणसासारखा
माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

शेजारचा एवारिस्तो म्हणाला, सोपं आहे, ओर्लिंडा.
बॅटरीची वायर काढ, पंधरा मिनिटं थांब, परत लाव.
नेस्तोर दर खेपेला हेच करायचा.
(दर खेपेला पहिल्या फेरीहून तो शिव्या देत घरी यायचा,
हे एवारिस्तोला आठवलं नाही. मलाही नाही.)

टाकीचं झाकण नवं घेतलं, अकरा डॉलर.
ते आवळताना टक् असं वाजलं पाहिजे, दुकानातला मुलगा म्हणाला.
वाजल्यावरही मी सहा वेळा फिरवलं.
तेल बदललं, जुनं निघालं ते तव्याच्या बुडासारखं.
सीटखाली हात घातला तर
एक पाना, कागदासकट विरघळलेल्या खोकल्याच्या गोळ्या,
मागच्या तपासणीत पास झाल्याचा कागद.
त्याच्या पाठीवर पेन्सिलीने:
ओर्लिंडाचे चाळीस, परत देणे.
दिले नव्हते.

केंद्रातल्या मुलीने सायलेन्सरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
स्टिअरिंगखाली वाकून एक वायर खोचली.
धूर आता कुणी बघत नाही म्हणे,
गाडीलाच विचारतात. गाडी खोटं बोलत नाही.

नापास?
नापास नाही, ती म्हणाली. तयार नाही.
दिवा पुसलात, त्यासोबत हिची सगळी आठवण पुसली गेली.
आपण धडधाकट आहोत की आजारी, हिला आत्ता ठाऊकच नाही.
रात्रभर थंड राहू द्या. टाकी अर्धी ठेवा. मग चालवा,
हायवेवर एका वेगाने, वीस मिनिटं तरी,
आणि मग पाय काढून घ्या. ब्रेक नको.
आपोआप हळू होऊ द्या.
किती वेळा?
ते तिचं तिला ठरवू द्या.

बुधवारी पहाटे निघाले.
घड्याळात बारा वाजलेले, ते तसेच लुकलुकत.
रेडिओची सहा बटणं, सहाही ठिकाणी नुसती खरखर;
नेस्तोरची स्टेशनं कुठली होती, मी कधी ऐकलीच नाहीत.
सीट त्याच्या उंचीची, गंजून बसलेली,
पाठीमागे दोन उशा घेतल्या तेव्हा कुठे पाय पोचले.

ताशी पंचावन्न मैल.
नदी आधी उजवीकडे, पूल ओलांडल्यावर डावीकडे,
नदी म्हणजे पिवळ्या झाडांची एक रांग.
ट्रेलरवाले हॉर्न मारत पुढे गेले.
बेलेनमध्ये काम नव्हतं. कुठेच काम नव्हतं.
एकसष्ट वर्षांत मला कुणी असं
काही न आणायला पाठवलं नव्हतं.

परतताना, पुढेमागे कुणी नाही असं बघून,
पाय काढून घेतला.
ट्रक हळू होत गेला. पंचेचाळीस. तीस.
वाऱ्याचा आवाज उतरला, तेव्हा
दाराच्या पत्र्याच्या आत काहीतरी सुटं खुळखुळताना ऐकू आलं,
नट असेल. नाहीतर नाणं.
रस्त्याच्या कडेने किती वेळ तशीच घरंगळत राहिले.

आणि इस्लेताच्या अलीकडे
दिवा पेटला. तोच, पिवळा.
आठवलं त्याला.

म्हणजे आता खरा मेकॅनिक शोधायचा, आणि पैसे,
आणि शुक्रवार काही पुढे सरकायचा नाही.
टेपचा तुकडा डॅशबोर्डवरच होता, हाताच्या अंतरावर.

आलास, मी म्हणाले.
पंचावन्नवर परत नेला, आणि चाळीस डॉलरचा विषय काढला.