खाडीकडची खिडकी

इनास मिस्त्रीने पहिल्या दिवशी भिंतीला कान लावला
आणि म्हणाला, हिला श्वास नाही, बाई.
मला हसू आलं.
मग त्याने छिन्नीने एक खपली काढून दाखवली:
सिमेंटच्या आत ओल, ओलीच्या आत लोणा,
आणि त्याच्याही आत, म्हाताऱ्या दातासारखा पिवळट,
जुना शिंपल्यांचा चुना.

ते सिमेंट मीच चढवलं होतं, वीस वर्षांपूर्वी,
टेलिफोन एक्स्चेंजच्या बोनसमधून.
केवढी ऐट होती तेव्हा
मनोरीत गुळगुळीत भिंतीची!

आता अंगणात हौद. चुना विरतोय तीन आठवडे.
हिरड्याचं पाणी, गूळ.
मुंग्या आल्या. इनास म्हणतो, येऊ देत, त्यांचाही वाटा.
मस्कतहून रुझारचा फोन: अजून भिंतीच चालल्यात?
टाइल्स लाव, ए.सी. बसव, मोकळी हो.
मी हो म्हणते आणि ठेवते.

खिडकीचं मात्र मी कुणालाच बोलले नव्हते.

बाबा एकोणतीस वर्षं बोटीवर होते.
गंज खरवडायचा, रंग द्यायचा, पुन्हा गंज.
शेवटचे उतरले तेव्हा मार्व्याहून तरीने घरी आले,
ट्रंक ठेवली, आणि चहा न घेता
विटा आणायला गेले.
संध्याकाळपर्यंत खाडीकडची खिडकी बुजली.
आई म्हणाली, वारा?
ते म्हणाले, पंखा घेऊ.
पाणी बघून झालंय माझं.
मग जेवायला बसले, त्या विटांकडे तोंड करून.
तसेच बसत राहिले पुढली सोळा वर्षं.

शर्वाणीने, आमच्या आर्किटेक्टने,
भिंतीवर बोटं वाजवत विचारलं, इथे काहीतरी होतं ना?
होतं, म्हटलं.

रविवारी मिसा सुटल्यावर फोडायला घेतलं.
पहिली वीट हट्टी. दुसरी, तिसरी आपणहून आल्या.
मागे तिवरं वाढलीत हे काय मला ठाऊक नव्हतं?
पण त्या चौकटीत माझ्या लेखी अजून पाणीच होतं,
मी दहा वर्षांची असतानाचं,
तर येताना लांबून चमकणारं.
झग्याला चष्मा पुसून उभी राहिले.

पाणी नाही.
एक फांदी आत आली,
विटांना टेकून टेकून कोपरासारखी वाकलेली.
तिच्यामागे हिरवा अंधार, चिखलाचा वास,
आणि खाली निवटे, डोळे डोक्यावर घेऊन,
आम्हालाच बघायला जमलेले.

म्हणजे खाडीनेही भिंत घातली होती, आपली आपण.
जरा आधी कळवलं असतं तर
बाबांचे विटांचे पैसे वाचले असते.

पलीकडच्या बंगल्याचा माळी दुपारी कुजबुजून गेला:
दोन माणसं, एक रात्र, व्ह्यू मोकळा.
शर्वाणी माझ्याकडे बघत राहिली.
मी तिला म्हटलं, चौकट चार इंच आत घे,
फांदीला कोपर ठेवायला जागा हवी.
तिने खोडरबर काढलं.
बिजागऱ्या पितळेच्या, लोखंड इथे सहा महिने टिकतं.
मागची शेवटची पायरी इनासने बांधलीच नाही.
उधाणाला ती पाण्याची, म्हणाला,
त्यांचं त्यांना बघू दे.

काल पहिल्यांदा आत चूल पेटवली.
भिंत अजून ओली, पण ही ओल वेगळी,
हात ठेवला तर हाताचीच ऊब परत देते.
एक चिंबोरी उंबऱ्यापर्यंत येऊन, विचार बदलून, गेली.
रुझारचा व्हिडिओ कॉल. दाखव, म्हणाला, समुद्र.
फोन खिडकीकडे धरला.
काळोख आहे गं, काही दिसत नाही.
मग बराच वेळ तो गप्प. चिखल टकटकत होता,
भरती मुळांतून चढत होती, तेवढंच.
बाबा कुठे बसायचे?

मी फोन त्या खुर्चीवर ठेवला,
खिडकीकडे तोंड करून,
आणि तव्यावरचे बोंबील उलटायला गेले.