किंमत, आजच्या बाजारात

डुलूथमध्ये नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवे लागतात.
व्हर्ना केटुनेन बुटांच्या खोक्यातून पाकिटं काढते,
दीड वर्ष न फोडलेली,
आणि लोण्याच्या सुरीने एकेक फोडते.
पत्रांचा सूर आधी अदबीचा, मग ताठ, मग तांबडा;
शेवटच्या काहींत सूरच नाही, नुसता आकडा.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात.
तिने चौदा महिने आणलं.
एका कार्डाचं तोंड दुसऱ्याने बंद केलं,
चर्चच्या जेवणाला घरचा केक नेला
आणि परतताना चढावर
पेट्रोलचा काटा बघत श्वास धरला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तिलाही ठाऊक होतं.
पण अंथरूण इस्पितळाचं होतं.
ऑरिनचे पाय त्यावर एकवीस दिवस होते
आणि लांबी आधी कुणी दाखवली नव्हती.

वकील दाब्रोव्स्की अर्ज पुढे सरकवतो.
"आहे ते सगळं लिहायचं.
घेतलं तेव्हाची किंमत नको,
तुमच्या लेखी असलेली तर नकोच.
उद्या अंगणात मांडलं तर कुणी काय देईल,
तेवढीच."

मग पेन्सिल घेऊन घरभर.
सोफा: चाळीस डॉलर.
फ्रीझर: साठ. आत शेजाऱ्याने दिलेलं अर्धं हरीण,
ते वेगळं धरायचं?
ऑरिनचं अकॉर्डियन, दोन पट्ट्या मुक्या: पस्तीस.
अंगठी.
ती बोटातून निघत नाही,
हे लिहायला रकाना नाही.
पाळीव प्राणी, शेतीचे नसलेले
(खरंच आहे असा रकाना):
एक कुत्रा, टूली, वय तेरा, मागचे पाय धरलेले.
ती शून्य लिहिते.
टेबलाखाली शेपूट आपटते.
ती शून्य खोडते.
थोड्या वेळाने पुन्हा शून्यच लिहिते.

कायद्याने एक शिकवणीही लागते, खर्च कसा करावा याची.
पडद्यावरची मुलगी गोड आवाजात विचारते,
बाहेरची कॉफी कमी करता येईल का?
येईल, व्हर्ना म्हणते.
शेवटची बाहेरची कॉफी तिने
अतिदक्षता विभागाच्या दाराशी, यंत्रातून घेतली होती.

भांडखोर, चहाडखोर, दिवाळखोर:
आपल्याकडे शब्दाच्या शेपटातच खोड बांधलेली.
तिला तिथे एक प्रकरण क्रमांक मिळेल.
त्यातलं बरं कुठलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पान अकरा. गेल्या वर्षभरात
नातेवाइकांचं काही देणं फेडलंत?
"हो तर," ती पहिल्यांदाच ताठ बसते.
"बहिणीचं. आयलाचं. चौदाशे.
करपरतावा आला त्याच दिवशी, रोख,
वर मुरवलेल्या बीटची बरणी.
सगळ्यांत आधी तिचं."

दाब्रोव्स्की चष्मा काढतो.
"सगळ्यांत आधी तिचं, हेच चालत नाही.
कोर्टाने नेमलेला माणूस ते तिच्याकडून परत मागू शकतो."
"आणि नाही लिहिलं तर?"
"तर मी तुमचा वकील नाही."

आयुष्यात जे एक देणं
मान वर करून फेडलं,
तेवढंच कायद्याला खटकावं.

रात्री ती फोन लावते.
पलीकडे नळ चालू, भांडी.
ती सांगत जाते, मध्येच अडखळते, पुन्हा सांगते.
नळ बंद होतो.
इतका वेळ काही नाही
की टूलीसुद्धा मान वर करतो.

"लिही," आयला म्हणते.
"चौदाशे. आणि बीट खारट झालं होतं, तेही लिही."
मग, जरा थांबून,
"छपरावरचा बर्फ कोण काढतंय यंदा?"

व्हर्ना पेन्सिल ठेवते.
खणात पेन शोधते.
पहिलं उमटत नाही, दुसरं उमटतं.