खोट

कार्ड काट्यावर ठेवलं
दुकान बंद झाल्यावर, पंखा थांबवून.
पंख्याच्या वाऱ्यानं आमच्याकडे
शेवटचा आकडा थरथरत राहतो.
चौदा ग्रॅम, सहाशे वीस मिली.
पोलाद. वर काळा मुलामा.
त्यावर कोरलेलं नाव : डी. के. विसपुते.

जळगावच्या सराफ बाजारात अठ्ठावीस वर्षं
मी लोकांना सांगतो
त्यांच्या सोन्यात सोनं किती.
ऐकून कोणी आभार मानत नाही.
एका बाईनं आईची पोत तपासायला आणली होती,
आकडा ऐकल्यावर तिनं असं पाहिलं
जसं तांबं मीच मिसळलं होतं.

जाखेट्यांच्या हितेशनं हे कार्ड गळ्यात बांधलं.
बँकेत नवा लागला होता, टार्गेट होतं.
वर्षाला दहा हजार, वर अठरा टक्के.
रजनीनं विचारलं, "यानावर काय भेटस?"
काही नाही. पॉइंट नाहीत, कूपन नाही,
शेजारच्या काबऱ्यांना मिळाला तसा मिक्सर नाही.
"मंग इतलं जड कसाले?"

खरं सांगू, मला तेच आवडलं होतं.
पॉइंट म्हणजे घडणावळीत सूट द्यायची
आणि वजनात काढून घ्यायची.
हे लालूच दाखवत नव्हतं.
इतके द्या, म्हणत होतं, आणि मला बाळगा.

मंगळवारी पाचवी फी कापणार होते.
म्हणून रविवारी वही काढली.

जमेला मुंबई विमानतळावरची गार खोली, दोनदा.
उपमा बरा होता.
रजनीनं साखरेच्या सात पुड्या पर्समध्ये टाकल्या,
त्या आखाजीपर्यंत पुरल्या.
शारजाच्या प्रदर्शनात परक्या चलनावर जादा आकार नाही :
वाचले तीन हजार एकशे चाळीस.
आणि चोवीस तास फोन उचलणारी एक मुलगी,
जिला मी एकदाच, रात्री दीड वाजता,
झोप येत नव्हती म्हणून विचारलं
की बामणोदची भरताची वांगी
मस्कतला लेकीकडे पोचतील का.
तिनं खरंच शोधलं. अकरा मिनिटं.
"सर, ही वांगी हिरवी असतात का?"
हिरवी, म्हटलं. पांढरट हिरवी.
वांगी पोचली नाहीत.
अकरा मिनिटं कुठल्या रकान्यात घालू?

नावे, सत्तेचाळीस हजार दोनशे.
आजच्या भावानं चार ग्रॅमच्या आसपास.
नातीच्या कानातले होतात,
वर थोडी चूर उरते.

एक गोष्ट वहीत लिहिली नाही.
शारजात गल्ल्यावरच्या माणसानं कार्ड हातात घेतलं,
त्याला वजन जाणवलं,
आणि तो खुर्चीतून उठला.
मला वाटलं मागे कोणी शेठ आलाय.
वळून पाहिलं. कोणी नव्हतं.
अठ्ठावीस वर्षं खरं बोलून
कोणी उठलं नव्हतं माझ्यासाठी,
आणि हे चौदा ग्रॅम लोखंड.
पुढच्या प्रत्येक फीच्या वेळी
मी त्या खुर्चीचा आवाज आठवायचो.

सोमवारी फोन लावला. बंद करा म्हटलं.
पलीकडचा गोड आवाज म्हणाला,
"सर, तुम्ही जुने ग्राहक, यंदा फी निम्मी करू."
मी विचारलं, "म्हणजे गेली चार वर्षं
निम्मी खोट होती का?"
तिकडे बराच वेळ नुसती सनई वाजली.

कापून टाका म्हणाले.
घरातली कात्री चालेना.
पत्र्याच्या कात्रीनं,
नमुन्याला काढतो तसा, एक कोपरा काढला.
कसोटीवर ओढला.
करडी रेघ.
आम्लाचा थेंब सोडला.
रेघ गेली.

दारात रजनी, हातात कढई.
बुडाला लागलेली खरवड निघत नव्हती,
तिला काहीतरी पातळ, टणक हवं होतं.
"आते मी ली जाऊ का?"